इंदुरी हेल आणि मिलिसेकंद

पुण्याहून इंदूरला आलेला पाहुणा दुसऱ्या दिवशीच ऐकवतो, "तुम्ही लोक गाऊन बोलता हो!" रामबाग या इथल्या मराठी वस्तीतली मंडळी हसतात आणि मनात म्हणतात, तुम्ही लाह्या फुटल्यासारखे बोलता त्याचं काय! दोघांना वाटतं आपण बोलण्याच्या लयीबद्दल बोलतोय. पण कानाला 'गाणं' वाटतं त्यात निदान तीन गोष्टी मिसळलेल्या असतात: आवाजाचा चढउतार म्हणजे हेल, बोलण्याचा वेग, आणि लांब-आखूड ध्वनींची मांडणी. भाषांची लय मोजायची म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा यातली तिसरीच मोजली जाते.

आधी या विषयात नुसती गटवारी होती. भाषाशास्त्रज्ञ केनेथ पाइक यांनी 1945 साली दोन प्रकार सांगितले. काही भाषांत एका आघातापासून, म्हणजे जोर देऊन म्हटलेल्या अक्षरापासून, पुढच्या आघातापर्यंतचं अंतर सारखं, काहींत प्रत्येक अक्षराला सारखा वेळ. डेव्हिड ॲबरक्रॉम्बी यांनी 1967 मध्ये जगातल्या सगळ्याच भाषा या दोन खणांत बसवल्या. इंग्रजी, रशियन, अरबी एकात. फ्रेंच, योरुबा आणि आपली शेजारीण तेलुगू दुसऱ्यात. पुढे अंतरं प्रत्यक्ष मोजली गेली तेव्हा सारखेपणा कुठेच सापडेना. रेबेका डावर यांनी 1983 मध्ये दाखवलं की फरक घड्याळात नाही, अक्षरांच्या घडणीत आहे: जोडव्यंजनं किती, आघात नसलेले स्वर किती दबतात. ही बाजू आम्हाला पटते.

मग 1999 मध्ये रामुस, नेस्पोर आणि मेलेर यांनी नुसतं एवढंच केलं, की वाक्याचे स्वरांचे आणि व्यंजनांचे तुकडे पाडून त्यांची लांबी घेतली. अक्षर कुठे तुटतं हा वादच मिटला. त्यांच्या आठ भाषांत इंग्रजी वाक्यांतला स्वरांचा वाटा 40 टक्क्यांच्या आसपास भरला, जपानीचा 53.

आता आपलं वाक्य घेऊ: 'राजवाड्यावर पोहे खाऊ.' त्याआधी 'चला' लावू नये, मोह झाला तरी. च म्हणताना आधी जिभेने हवेची वाट बंद केलेली असते, तिथे नुसती शांतता. ती सुरू कुठे झाली हे पडद्यावर दिसत नाही. र ने सुरुवात केली की रेघ मारता येते. पंखा बंद करावा, नाहीतर 'पोहे'मधला ह त्या घरघरीत बुडतो. मग आवाजाची फाइल 'प्रात' या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडायची आणि ध्वनीच्या चित्रात स्वराचे गडद आडवे पट्टे जिथे सुरू होतात आणि संपतात तिथे रेघा मारत जायचं.

लिपीवर विसंबलं की इथेच फसतं. 'राजवाड्यावर' लिहिताना सहा अक्षरं, तोंडात मात्र चारच: राज्-वा-ड्या-वर्. म्हणजे चार स्वर, आणि त्यांच्या मागेपुढे पाच व्यंजन-तुकडे. 'खाऊ'त आ आणि ऊ लागून आले म्हणून दोन्ही मिळून एकच स्वर-तुकडा. ख चा श्वास व्यंजनाकडे जातो. 'ड्या'मधला य स्वराच्या आधी आहे, म्हणून तोही व्यंजनात. हे नियम रेघा मारायच्या आधी कागदावर लिहून ठेवावेत. अर्ध्यात बदलले तर सगळं काम पुन्हा. 'करायचं'चा शेवट तर बघण्यासारखा असतो: लिहायला अनुस्वार, ऐकायला लांबलेला अ.

आता या तुकड्यांवरून लांब-आखूडपणाचा एक निर्देशांक काढू. समजा 'राजवाड्यावर'चे चार स्वर अनुक्रमे 120, 90, 130 आणि 60 मिलिसेकंद भरले. शेजारच्या दोघांतला फरक घ्यायचा, त्याला त्या दोघांच्याच सरासरीने भागायचं, असं प्रत्येक जोडीचं करून सरासरी काढायची आणि शंभराने गुणायचं. इथे उत्तर येतं 46. आता तेच चार आकडे उतरत्या क्रमाने लावा: 130, 120, 90, 60. प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्याचं माप, जिथल्या तिथे, पण हा निर्देशांक एकदम 26 वर येतो. लांबीला आखूडपणा खेटून आला तरच कानाला उसळी जाणवते, आणि ती या आकड्यात उतरते. शिवाय सगळं वाक्य दुप्पट सावकाश म्हटलं तरी निर्देशांक तोच राहतो. साध्या विचलनाचं तसं नाही, ते दुप्पट होतं. म्हणून विचलन वापरायचंच असेल तर त्याला सरासरीने भागून घ्यावं.

एस्थर ग्रेब आणि ई लिंग लो यांनी 2002 मध्ये या पद्धतीने 18 भाषा मोजल्या. इंग्रजीचा आकडा 57 च्या जवळ, फ्रेंचचा 43, स्पॅनिशचा 30. ही यादी सर्रास उद्धृत होते. प्रत्येक भाषेचा बोलणारा मात्र एकच होता, हे सांगायचं राहून जातं. पुढे अमालिया अर्वानिती यांनी दाखवलं की वाक्यं बदलली, बोलणारा बदलला, वाचनाऐवजी गप्पा घेतल्या की एकाच भाषेचे आकडे इकडून तिकडे जातात. जोडाक्षरांनी भरलेली वाक्यं निवडली तर मराठीही इंग्रजीकडे झुकवता येईल.

इंदूर आणि पुणं यांची तुलना करायची तर दोन्हीकडे तीच वाक्यं हवीत, बोलणारे अनेक हवेत, वयं जुळती हवीत, आणि रेघा मारणाऱ्याला कोण कुठला हे माहीत नसलेलं बरं. वाक्याच्या शेवटच्या अक्षराचा निर्णयही आधीच घ्यावा. 'काय होऽ' मधला ओढलेला ओ जमेस धरला तर निर्देशांक फुगतो, वगळला तर पाहुण्याला जे गाणं ऐकू आलं त्यातला मोठा भाग आपणच कापून टाकला असं होऊ शकतं. आमच्या मते दोन्ही आकडे काढावेत आणि शेजारी शेजारी छापावेत. आणि आवाजाच्या चढउताराचा आलेख वेगळा काढावा, कारण हेल तिथेच दिसणार. मिलिसेकंदांत तो शोधून काय उपयोग!

राहता राहिली वाचनाची अडचण. हातात कागद दिला की इंदूरचा माणूस शाळेतली मराठी वाचायला लागतो, अगदी पुस्तकी. म्हणून वाक्यं वाचून झाली की रेकॉर्डर चालूच ठेवावा आणि पोह्यांवर जिरावण, म्हणजे तो इंदुरी मसाला, किती घालायचं हे विचारावं.