शुगर नॉर्मल, तरीही

सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ आमची लॅब आहे. हळदीचा हंगाम सुरू झाला की सौद्यांच्या आधी रक्त देऊन मोकळं व्हायला सकाळीच लोक येतात. त्यातलेच हे एक अडते. वय ४१, अंगानं सडपातळ, नखांच्या कडा हळदीनं पिवळ्या. थोरला भाऊ ४३ व्या वर्षी अटॅकनं गेला, म्हणून डॉक्टरांनी बऱ्याच तपासण्या लिहिल्या होत्या.

"ताई, शुगर तेवढी बघा की. आमच्या घरात कुणालाच शुगर न्हाई, बाकीचं कशाला?"

"दादा, मग भावाला तरी कुठं शुगर होती?"

ते काही बोलले नाहीत. बाही वर सारली.

उपाशीपोटीची शुगर ९४ आली. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी तपासणी, ५.९ टक्के. मधुमेह धरतात ६.५ पासून, पण ५.७ गाठलं की माणूस उंबरठ्यावर आला. २०१० साली अमेरिकेतल्या, मधुमेह नसलेल्या ११ हजारांवर लोकांचा अभ्यास छापून आला; त्यातही हा आकडा चढेल तशी हृदयविकाराची जोखीम चढलेली दिसली. "शुगर नाही, सुटलो" म्हणत रिपोर्टची घडी घालणारी माणसं रोज बघते आणि काळजी वाटते.

दुपारी लायपोप्रोटीन(ए) मशीनवर लावलं. हा रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण; तो जास्त असला की हृदयविकाराची जोखीम वाढते. ११२! ५० च्या वर गेलं की जास्त समजतात. मशीन तपासायचे ठरावीक नमुने, म्हणजे कंट्रोल, बरोबर होते, तरी पुन्हा लावलं. ११०. डॉक्टरांना लगेच फोन केला.

हे लायपोप्रोटीन नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये वेगळं दिसत नाही, मुद्दाम मागवावं लागतं. ते रक्तातूनच, आईबापांकडून येतं. पथ्यानं किंवा चालण्यानं फारसं हलत नाही. म्हणून आयुष्यात एकदा तपासलं तरी बहुतेकांना पुरतं. ते सहज उतरवता येत नाही, तर बाकीचं घट्ट धरायचं: डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केली, बीपीवर लक्ष ठेवायला सांगितलं आणि तंबाखू त्याच दिवशी बंद करायला लावली. भावाच्या मुलांचीही तपासणी करा म्हणाले.

पुढच्या आठवड्यात ते पुतण्या-पुतणीला घेऊन आले. मुलाचं १८ निघालं. मुलीचं ९६. ती १७ वर्षांची, बारावीला. डॉक्टरांनी तिला सध्या गोळी दिलेली नाही. दरवर्षी बीपी आणि कोलेस्टेरॉल बघायचं ठरलंय. तिच्या फाईलवर वडिलांचं अटॅकच्या वेळचं वय मी लाल पेनानं लिहून ठेवलंय.