बेबिंका, चौथी खेप: सुरी लावली आणि पदर घसरले

बेबिंकेची, म्हणजे बलक आणि नारळाच्या रसाच्या पदरापदरानं भाजलेल्या गोव्याच्या मिठाईची, चौथी खेप फसली. कच्ची राहिली नव्हती, करपलीही नव्हती. चवीला तर तिसरीपेक्षा सरस होती. पण सुरी लावताच वरचे तीन पदर पत्त्यांच्या कॅटासारखे एका अंगाला सरकले आणि खालचे पाच तसेच बसून राहिले. बेबिंकेचे पदर काट्यानं अलगद उचलले की सुटावेत, यात वाद नाही. पण कापलेली वडी ताटात उभी राहिली पाहिजे. नाताळचं कुसवार (गोडधोडाचं ताट) शेजारीपाजारी द्यायचं ते लगदा म्हणून नव्हे.

मागच्या नोंदीत ‘आता फक्त पदर वाढवायचे, सोळापर्यंत जायचं’ असं ठरलं होतं. ते रद्द. आठ पदर नीट उभे राहीपर्यंत सोळाचं नाव नको. पदर सात असण्याची जुनी आख्यायिका सगळ्यांना ठाऊक आहेच: जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठातल्या ख्रिस्ती जोगिणीनं (ननने) लिस्बनच्या सात टेकड्यांसाठी सात पदर रचले, असं सांगतात. खरं असो, नसो. सात-आठ हा आकडा घरच्या ओव्हनला आणि घरच्या कंबरेला झेपतो.

प्रमाण तिसऱ्या खेपेचंच आहे, बदललेलं नाही. दहा अंड्यांचे बलक (मध्यम अंड्याचा एक बलक साधारण १६-१७ ग्रॅम), साखर ४०० ग्रॅम, मैदा १२५ ग्रॅम, नारळाचा पहिला दाट रस ४५० मिली, अर्धा चमचा किसलेलं जायफळ, चिमूट मीठ. याचं साधारण एक लिटर मिश्रण होतं. १८ सेंटीमीटर व्यासाच्या गोल डब्यात पदराला १२५ मिली घातलं की जाडी बरोबर अर्धा सेंटीमीटर येते. पळीनं अंदाजे ओतू नका, मापाचा कप ठेवा. पहिले पदर पातळ आणि शेवटचे जाड होतात ते अंदाजामुळेच.

आता घसरण्याकडे. संशयित तीन होते: पदरावर घातलेलं तूप, थंड रस, आणि जास्त भाजलेला पृष्ठभाग. तिन्ही एकदम बदलले असते तर दोषी कोण ते कधीच कळलं नसतं, शिवाय दर चाचणीला दहा बलक जाळणं कुणालाच परवडणारं नाही. म्हणून प्रमाणाचा तिसरा हिस्सा घेतला: तीन बलक, १३५ ग्रॅम साखर, ४० ग्रॅम मैदा, १५० मिली रस. १० सेंटीमीटरचे तीन छोटे डबे, प्रत्येकात तीन पदर, पदराला ३५ मिली. तिन्ही डबे ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) शेजारी शेजारी मावतात, म्हणजे वीजही एकदाच. डबे मिळाले नाहीत तर सपाट तळाच्या स्टीलच्या वाट्या चालतात.

पहिली चाचणी रसाच्या तापमानाची. तूप तिन्हीकडे सारखं, पदराला अर्धा लहान चमचा. मिश्रणाचे तीन भाग केले: एक फ्रिजमध्ये, एक ओट्यावर, एक कोमट पाण्याच्या पातेल्यात. फ्रिजवाल्या डब्यात दुसरा पदर भाजून निघाला तेव्हा त्यावर पिवळसर तेलाची लहान लहान तळी दिसत होती. कापल्यावर मधला पदर बोटानं ढकलला तरी सरकत होता. ओट्यावरचा बरा निघाला. कोमट भागाचा पदर खालच्याला असा धरून बसला की काट्यानं मुद्दाम उचलावा लागला. हेच हवं होतं!

कारण तसं सोपं आहे, पण चार खेपा डोक्यात आलं नाही. नारळाची चरबी साधारण २४ अंशांच्या खाली थिजते. रात्री रस काढून फ्रिजमध्ये ठेवला की तिचे बारीक दाणे होतात. मिश्रण घोटल्यावर ते दिसत नाहीत, पण ओव्हनमध्ये एकेका जागी वितळतात आणि तेल खालच्या पदरावर साचतं. वर आपण मायेनं तूप घातलेलं असतंच. तिसरी खेप त्याच दिवशीच्या रसाची, भर दुपारी केलेली होती, म्हणून टिकली. चौथीचा रस आदल्या रात्रीचा आणि सुरुवात पहाटे. डिसेंबरच्या पहाटे आपल्या किनाऱ्यावरही स्वयंपाकघर वीस-बावीस अंशांवर उतरतं, तेव्हा नुसतं फ्रिजबाहेर ठेवून भागत नाही.

उपाय: रस आणि साखर एकत्र करून ४५ अंशांपर्यंत तापवायचं, म्हणजे बोट घालून सहज धरता येईल इतपतच. साखर पूर्ण विरघळली पाहिजे. तळाशी राहिलेला दाणा शेवटच्या पदरात जातो आणि तिथं काळा डाग पडतो. मग ४० च्या खाली आल्यावर फेटलेले बलक. मैदा आधी थोड्या रसात कालवून गुठळ्या मोडायच्या, मग बाकीच्यात मिसळून सगळं गाळून घ्यायचं आणि अर्धा तास ठेवायचं. भाजायला दोन-अडीच तास लागतात, तेवढा वेळ मिश्रणाचं भांडं कोमट पाण्यात. दर पदराआधी तळापासून ढवळायचं, कारण मैदा खाली बसतो आणि चरबी वर येते. न ढवळता ओतलं की पहिले पदर तेलकट आणि शेवटचे चिवट, हे दोन्ही दोष एकाच खेपेत मिळतात.

दुसरी चाचणी तुपाची. जुन्या पद्धतीत पदराला मोठा चमचाभर, म्हणजे १५ मिली तूप. छोट्या डब्याच्या क्षेत्रफळाला ते एक लहान चमचा येतं. तीन डब्यांत एक, अर्धा आणि पाव चमचा घातलं. एक चमच्याचा डबा पोहत होता. पाव चमच्याचा चांगला जुळला, पण पदर सुटेनात, कडा डब्याला चिकटल्या आणि चव अंड्याच्या पुडिंगकडे झुकली. अर्धा चमचा बरोबर. मोठ्या डब्याला पदरामागे दीड लहान चमचा, म्हणजे साडेसात मिली. आठ पदरांना १२० मिलीच्या जागी ६० मिली तूप. घट्ट वड्या तर मिळाल्याच, वर अर्धं तूपही वाचलं!

तुपाबद्दल आणखी एक. घरी कढवलेलं असेल तर बेरी कसून गाळा. तिचे कण वरच्या उष्णतेखाली पहिल्यांदा जळतात आणि पदरावर मिरीएवढे काळे ठिपके येतात. तूप फासायला सिलिकॉनचा ब्रश घेतलात तर पैसे फुकट. तो तूप पसरण्याऐवजी ढकलत नेतो. नारळाच्या सोडणाचा (वरच्या काथ्याच्या सालाचा) बोटभर तुकडा ठेचून त्याचा कुंचला करा. खर्च शून्य, काम जास्त चांगलं, आणि शेवटी चुलीत जातो.

तिसऱ्या संशयिताला, म्हणजे भाजण्याला, वेगळी चाचणी दिली नाही; चौथ्या खेपेचे उरलेले तुकडेच बघितले. सरकलेल्या तिन्ही ठिकाणी खालचा पदर एकसंध गडद तपकिरी होता. साखरेचं कडक कातडं धरलं की नवं मिश्रण त्यात रुतत नाही. पोळीवर पडतात तसे डाग पडले, मधे थोडी पिवळी जागा दिसत राहिली, की थांबायचं. पदराचा गडद-फिका फरक ठळक हवा असेल तर दोन चमचे साखर जाळून तिचा पाक अर्ध्या मिश्रणात घालावा, भाजून काळं करू नये.

हे लिहिता लिहिताच इंडोनेशियातला लापिस लेगित केक आठवला. तोही वरून आच देऊन पदरापदरानं भाजतात आणि प्रत्येक पदर सपाट ठोकळ्यानं हलके दाबून मधली हवा काढतात. आपल्याकडे ठोकळा कशाला? सपाट बुडाची स्टीलची वाटी, बाहेरून तुपाचं बोट फिरवून, पदर गरम असतानाच टेकवायची. फुगे सुईनं आधी फोडायचे. पाचव्या खेपेत चौथ्या पदरापासून हे केलं. खालचे तीन न दाबलेले, वरचे पाच दाबलेले, म्हणजे तुलना आयतीच मिळाली.

पाचवी खेप उभी राहिली. आठच्या आठ पदर, वडी दोन बोटांत धरली तरी शाबूत. दाबलेल्या पदरांच्या रेषा सरळ, न दाबलेल्यांच्या किंचित नागमोडी. म्हणजे वाटी आता कायमची. पण पूर्ण समाधान नाही. सगळ्यात खालचा पदर रबरासारखा झाला. पहिला पदर ओव्हनच्या खालच्या-वरच्या दोन्ही तापणाऱ्या दांड्यांवर १८० अंशांत १५ मिनिटं, नंतर फक्त वरची दांडी आणि पदराला १० ते १२ मिनिटं, असा क्रम होता. खालची दांडी बंद असली तरी डबा तापलेल्या जाळीवर दोन तास बसतो आणि बलक आवळत जातो. पुढच्या वेळी डबा सरळ जाळीवर न ठेवता उलट्या ट्रेवर, मधे जाड मिठाचा थर देऊन ठेवायचा. पंखा असेल तर बंद. तो वरचा पृष्ठभाग सुकवतो. बाजारातल्या पातळ ॲल्युमिनियमच्या डब्यांचा भरवसा नाही, एकाचा तळ तिसऱ्याच खेपेत फुगला आणि मिश्रण एका बाजूला गेलं. जाड बुडाचा जुना डबा घरात असेल तर नवा घेऊच नका.

झाल्यावर बंद ओव्हनमध्ये १५ मिनिटं, मग रात्रभर तशीच. गरम कापली तर कुठलीही बेबिंका घसरेल; थंड झाल्यावर चरबी आणि तूप थिजून पदर धरतात. म्हणजे ज्या थिजण्यानं सुरुवातीला घात केला तेच शेवटी कामाला येतं. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, एका दाबात खाली. करवतीसारखी पुढेमागे नाही.

नारळाचा हिशेब थोडक्यात. ४५० मिली दाट रसाला तीन मोठे नारळ लागतात. हलवून आत पाणी वाजतं तेच घ्या. पाकिटातला रस एकदा करून पाहिला. मिश्रण फुटत नाही, कारण त्यात घट्ट करणारे पदार्थ असतात, पण वास सपाट. दुसरा रस माशांच्या हुमणाला (कालवणाला) किंवा शागोतीला (मसालेदार रश्शाला). चोथा टाकू नका. पण नुसत्या चोथ्याचे मकरून लाकडाच्या भुशासारखे लागतात. ७५ ग्रॅम चोथा, ७५ ग्रॅम ताजं खोबरं, १०० ग्रॅम साखर, दोन अंड्यांचा पांढरा, १६० अंशांवर १८ ते २० मिनिटं. दहा अंड्यांतले दोन पांढरे असे गेले. उरलेले आठ बर्फाच्या ट्रेत गोठवा, एका पांढऱ्याचं वजन साधारण ३० ग्रॅम. सुस्पीर (पांढऱ्याचे कुरकुरीत गोड गोळे) करायचे तर पांढऱ्यामागे ५० ग्रॅम साखर आणि १०० अंशांवर दीड-दोन तास, आणि थंड होताच हवाबंद डब्यात. आपल्या दमट हवेत तासाभरात चिकट होतात.

२०२३ साली बेबिंकेला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून दुकानांत खोक्यांची रेलचेल आहे. कुसवाराच्या ताटात मात्र घरची वडीच असावी, आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांवर पैसे घालण्यापेक्षा स्टीलच्या ताटलीत केळीचं पान, वर विणलेला रुमाल. ताटली परत येते, बहुधा रिकामी नाही. ज्या घरात दुःख झालंय तिथं यंदा काही करणार नाहीत. त्यांची ताटली आधी भरायची, ही रीत राहू द्या.

नाताळच्या देखाव्यातल्या येशूच्या गोठ्यासाठी नाचणी पेरायची राहिली असेल तर आजच पेरा, आठ-दहा दिवसांत बोटभर हिरवी होते. इथल्या दोन ताटल्यांत कालच मोड फुटले.

आणि एक बदल, आताच ठरलेला: सहाव्या खेपेचे शेवटचे दोन पदर ओटीजीत नाही. डबा बाहेर काढून वर झाकणावर सोडणांचा निखारा ठेवायचा. करवंटीचा नको, तो फार कडक आणि लांब जळतो. सोडणाची आच मऊ असते, आणि त्या धुराचा वास वीज देत नाही. फक्त राख उडू नये म्हणून झाकणाला कड हवी. दोदोलाच्या (नारळ-गुळाच्या मिठाईच्या) भांड्याचं जुनं पितळी झाकण बसतं का ते उद्या मोजायचं. बसलं तर २२ ला दुपारी नारळ फोडायचे, बसलं नाही तर ओटीजीच.