कोरड्या बोअरने आटवलेली विहीर

पुरंदर तालुक्यातल्या एका वस्तीवरचं हे प्रकरण अजून माझ्या डोक्यातून जात नाही. चार घरांच्या वाटणीची जुनी विहीर, पाळीपाळीने उपसली जाणारी. एरवी एप्रिलपर्यंत पुरायची, यंदा जानेवारीतच तळ दिसला. संशय होता तो बांधापलीकडे भावकीतल्याच एकाने घेतलेल्या बोअरवर. पण ते बोअर साडेतीनशे फूट जाऊन कोरडं गेलेलं. मोटारसुद्धा सोडलेली नाही. "एक तांब्याही उपसला नाही साहेब. मग विहीर मी आटवली कशी?" त्याचं म्हणणं गावाला पटलं होतं.

मी आधी विहिरीत उतरलो. जमिनीच्या पोटातलं सगळं उघड्या विहिरीच्या भिंतीवर वाचता येतं. वर मुरूम, खाली मांजऱ्या. या दगडात लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांची भोकं असतात आणि त्यांत पांढरे, गुलाबी स्फटिक भरलेले असतात. झिजला की ठिसूळ होतो, आणि पाणी धरतो तो हाच. झऱ्यांच्या ओल्या खुणा त्याच पट्ट्यात होत्या. अगदी तळाशी लाल गेरू: सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या दोन लाव्हाथरांमधली चिकण माती. तिच्यातून पाणी सहजी खाली उतरत नाही. जुन्या माणसांनी नेमकं तिथंच खोदकाम थांबवलं होतं. त्यांच्या या समजेपुढे मी हात जोडतो.

मग बोअर. तोंडावरचा दगड आणि पोतं बाजूला करून कान लावला. आत पाणी पडत होतं, सारखं. दुपारी ऊन डोक्यावर आल्यावर हातातल्या आरशाने कवडसा आत सोडला. केसिंग, म्हणजे वरचा भाग झाकायला बोअरमध्ये घालतात तो पाइप, वीसच फूट. त्याच्या खाली भिंत ओली चकचकीत आणि एका बाजूने पाण्याची धार सुटलेली. विहिरीचं पाणी मांजऱ्यातून बोअरमध्ये येत होतं आणि गेरू भेदून खालच्या काळ्या पाषाणाच्या भेगांत जिरत होतं. हंड्याच्या बुडाला भोक पडावं तसं.

पाणाड्याने नारळावर जागा दाखवली, याचा मला राग नाही. राग आहे तो बोअर खोदणाऱ्यांच्या हिशेबाचा. खोदाई फुटावर, केसिंगचे पैसे वेगळे. म्हणून शेतकरी केसिंगमध्ये काटकसर करतो आणि एजंट त्याला एका शब्दाने अडवत नाही. बोअरच्या गाडीतून उडणाऱ्या भुकटीचा रंग बदलून लाल झाला, तेव्हाच तिथल्या प्रत्येकाला गेरू लागल्याचं कळलं असणार. कोणी थांबलं नाही.

उपाय अवघड नाही. गेरूच्या पट्ट्यात आणि त्याच्या वर-खाली चिकण माती, सिमेंट भरून भोक बंद करायचं. मी तसं लिहून दिलं, भावकीला समोर बसवून सांगितलंही. बोअरचा मालक म्हणाला, "पावसाळ्यात पाणी लागलं तर? लाखाच्या वर पैसा घातलाय." मी म्हणालो, लागलं तरी ते विहिरीचंच असेल. त्यावर तो काही बोलला नाही.

सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या विहिरीला 500 मीटरच्या आत नवं बोअर घेऊ न देणाऱ्या नियमाचं संरक्षण आहे. ही विहीर खासगी, म्हणून तो नियम इथे लागू नाही. चार घरांनी पैसे काढून भोक बुजवायची तयारी दाखवली आहे. तो अजून हो म्हणत नाही. पाऊस सुरू व्हायच्या आत मी पुन्हा जाणार आहे, या वेळी त्याच्या आईशी बोलायला. त्या विहिरीत तिचीही पाळी होती.