एनक्वासचे दोन दिवस आणि जुलैतला एक रविवार

आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचं 'एनक्वास' करून घ्यायचंय, असं डॉक्टरांनी मार्चच्या मासिक सभेत सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरच्या एका आशाताईनं विचारलं, "ही कुठली नवीन लस?" सगळे हसले. खरं सांगायचं तर अर्ध्या स्टाफला तोच प्रश्न पडला होता.

लस नाही. सरकारी दवाखान्यांसाठीची राष्ट्रीय गुणवत्ता मानकं. रुग्णांच्या हक्कांपासून जंतुसंसर्ग रोखण्यापर्यंत आठ भाग, त्यांच्या लांबलचक चेकलिस्ट, आणि प्रत्येक मुद्द्याला 0, 1 किंवा 2 गुण. एकूण निदान 70 टक्के लागतात. बाहेरचे असेसर येतात, बघतात, रजिस्टरं चाळतात, स्टाफला विचारतात आणि पेशंटलाही विचारतात. पास झालात तर सर्टिफिकेट तीन वर्षांचं.

मी इथली औषध निर्माण अधिकारी. औषध भांडार माझं, ई-औषधीची, म्हणजे औषधसाठ्याच्या ऑनलाइन नोंदीची, एंट्री माझी, आणि लसींचा आयएलआर, म्हणजे लस ठेवायचा तो खास फ्रीज, तोही माझ्याच गळ्यात.

पुढचे आठ-नऊ महिने आम्ही केंद्र घासून काढलं. समुद्र इथून चालत दहा मिनिटांवर. खाऱ्या हवेत लोखंडी रॅक दोन पावसाळ्यांत सोलपटतात, तेव्हा सगळ्याला खरवडून रंग दिला. ज्याची मुदत आधी संपणार ते पुढे, हे तर मी आधीपासून पाळत होतेच. आता एकसारख्या दिसणाऱ्या ॲम्प्युलही वेगवेगळ्या कप्प्यांत गेल्या. फायली झाल्या, पाट्या झाल्या. आग लागल्याचं नाटक दोनदा झालं आणि दोन्ही वेळा ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर चहाला गेलेला होता.

डिसेंबरात दोघं आले. एक मॅडम, फार न बोलणाऱ्या, आणि एक विदर्भातले डॉक्टर, पन्नाशीचे, सतत चष्मा कपाळावर. मला वाटलं होतं आधी फायली मागतील. ते जाऊन ओपीडीच्या रांगेत बसले. एका आजींना मॅडमनी विचारलं, "डॉक्टर तपासताना पडदा ओढतात का हो?" आजी म्हणाल्या, "ओढतात. गेल्या महिन्यापास्नं." आमचे डॉक्टर खिडकीबाहेर बघत राहिले.

त्यानंतर त्यांनी आमच्या सफाईच्या मावशींना गाठलं. रक्त सांडलं तर काय करणार? मावशी पदर खोचून उभ्या. "पयले हातमोजे. मग वर फडका टाकायचा, त्याच्यावर ब्लिचिंगचं पानी वतायचं, धा मिंटं थांबायचं, मगच पुसायचं. तो फडका पिवळ्या पिशवीत." पाणी कसं करता? "लिटरभर पान्याला सा चमचे." पूर्ण गुण. हात धुण्याच्या पायऱ्या करून दाखवताना मात्र आमचे डॉक्टरच अंगठा विसरले. मावशींनी लांबूनच आपला अंगठा चोळून खूण केली, तीही असेसरांना दिसली.

मग इमर्जन्सी ट्रे. ॲड्रिनॅलिन, हायड्रोकॉर्टिसोन, मुदती, सगळं जागेवर. प्राझोसिनच्या गोळ्या बघून चष्मा खाली आला. "हे लाल विंचवासाठी ना?" मी म्हटलं, महाड इथून फार लांब नाही. लाल विंचवाच्या दंशावर डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरायला सुरुवात केली ती त्याच भागात, कोकणातल्या दवाखान्याला ते वेगळं शिकवायला नको. ते हसले आणि मी उगाच निर्धास्त झाले.

कारण पुढचा प्रश्न फुरशाचा होता. आमच्याकडे फुरसं, हा छोटा विषारी साप, म्हणजे रोजचं प्रकरण: जांभ्याच्या गडग्यात, गवताच्या भाऱ्यात, कुठेही. ते चावलं की रक्त गोठेनासं होतं, म्हणून 20 मिनिटांची चाचणी करायची. कोरड्या काचेच्या नळीत शिरेतलं थोडं रक्त घ्यायचं, नळी न हलवता 20 मिनिटं ठेवायची, मग एकदाच तिरपी करायची. रक्त गोठलं नसेल तर विष भिनलंय, एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन, सुरू. सिस्टरांनी न अडखळता सांगितलं आणि नळ्यांचा स्टँड पुढे केला. नळ्या अशा लखलखत होत्या की त्यात ट्यूबलाइट दिसत होती.

"छान आहेत. कशानं धुता?"

"साबणाच्या पावडरीनं, सर. आणि ब्रशनं. रोज."

त्यांनी एक नळी उचलून उजेडात धरली, परत ठेवली आणि आवाज न चढवता म्हणाले, "सिस्टर, काच लागली की रक्त गोठायला सुरुवात होते, म्हणून तर काचेची नळी. साबणाचा अंश राहिला की धडधाकट माणसाचं रक्तसुद्धा ह्यात गोठायचं नाही. तुम्हाला वाटणार विष भिनलंय. मग आठ-दहा व्हायल एएसव्ही, आणि त्याची रिॲक्शन आली तर ती निस्तरा."

खोलीत कोणी बोललं नाही. सिस्टरांची अठरा वर्षांची नोकरी, हात अतिशय स्वच्छ. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते गुण गेले म्हणून नव्हे. त्या मला संध्याकाळी म्हणाल्या, "गेल्या पावसाळ्यात तो आंबेवाल्यांचा गडी आला होता, आठवतो? दात नीट लागलेलेसुद्धा दिसत नव्हते, तरी रक्त गोठलं नाही म्हणून आपण लावलं होतं." मला आठवत होता. एएसव्ही लावल्यावर थंडी वाजून सगळ्या अंगावर गांधी उठल्या होत्या. बरा होऊन घरी गेला. त्याला खरंच विष भिनलं होतं की ती नळी होती, हे आता कळायला मार्ग नाही.

दुसरा दिवस माझा होता. आयएलआर उघडून मॅडमनी बास्केटा पाहिल्या, गोठली तर वाया जाणारी लस तळाला टेकलेली नाही ना ते पाहिलं, उघडलेल्या व्हायलवरच्या तारखा वाचल्या. मग तापमानाचं रजिस्टर. सकाळ-संध्याकाळ नोंद, 2 ते 8 अंशांच्या आत, रविवारसुद्धा सुटलेला नाही. मॅडमनी जनरेटरचं लॉगबुक मागवलं आणि मला ई-विन, म्हणजे लसींची ऑनलाइन नोंद, उघडायला सांगितलं. आयएलआरमध्ये तापमान टिपणारा एक लॉगर असतो, त्याची नोंद आपोआप वर जात असते. हे मला माहीत होतं. रोज बघतही होते. तरी डोक्यात कसं आलं नाही, देव जाणे.

"जुलैतला हा रविवार. जनरेटर बंद पडल्याची नोंद आहे. लाइटही नव्हती?"

"नव्हती, मॅडम."

"रजिस्टरमध्ये दोन्ही वेळा 4 आहे. इथे संध्याकाळी 7.1 दिसतंय."

त्या रविवारी वहाळाला पूर आला होता, साकवावरून पाणी जात होतं. मी आलेच नव्हते. सोमवारी सकाळी काटा 4 वर होता, तोच मी मागच्या दोन घरांत भरला. वर्षभरात असं किती वेळा केलं असेन ते मला सांगता येईल, पण इथे सांगत नाही.

लाज कशाची वाटली सांगू? जून 2020 मध्ये निसर्ग वादळ आलं तेव्हा मी दापोलीच्या बाजूला होते. दिवसच्या दिवस लाइट नाही. कोल्ड बॉक्समध्ये आइस पॅक घालून लस वाचवली होती आणि बॅटरीच्या उजेडात दर तासाला तापमान पाठकोऱ्या कागदावर लिहीत होते. तो कागद माझ्याकडे अजून आहे. तेव्हा कोणी तपासायला येणार नव्हतं.

मॅडम ओरडल्या नाहीत. "7.1 लिहिलं असतंत तरी पूर्ण गुण होते," म्हणाल्या. "लस ठीकच होती. झाकण कोणी उघडलं नाही म्हणून टिकली." त्यांनी त्या ओळीपुढे शून्य लिहिलं आणि सकाळ-संध्याकाळच्या सगळ्या जुन्या नोंदींवरून बोट फिरवत राहिल्या. ते बोट फिरणं शून्यापेक्षा वाईट होतं.

आम्ही पास झालो. रिपोर्टमधल्या त्रुटी एकेक करून भरल्या. नळ्या आता नव्या येतात, एकदा वापरून टाकायच्या. रविवारी मला येता आलं नाही तर वॉचमन तापमान वाचून स्वतःच्या अक्षरात लिहितो. तोही नसला तर घर रिकामं राहतं, बाजूला कारण.

राहिला तो फक्त मागचा खड्डा. कचऱ्याची गाडी आमच्यापर्यंत येत नाही, त्यामुळे काही जैविक कचरा पुरावा लागतो. नियमाने खड्डा दोन मीटर खोल, अर्धा भरला की वर चुना आणि माती, आणि भूजल खड्ड्याच्या तळापासून निदान सहा मीटर खाली. हा नियम कोकणातला श्रावण बघून केलेला नसावा. तेव्हा आमच्या विहिरीचं पाणी वाकून तांब्यानं घेता येतं, आणि खड्डा त्याच उताराला आहे. वर सड्यावर हलवायचा तर कातळ फोडायला ब्रेकर हवा. रुग्ण कल्याण समितीच्या प्रत्येक बैठकीत विषय निघतो, इतिवृत्तात जातो. पुढची बैठक गणपतीनंतर आहे.