टे नदीतले चढणीचे मासे

आमच्या गंगाखेडला गोदावरीला कोणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. यंदा आषाढात रजेवर आलो तेव्हा गंगेला पहिले गढूळ पाणी येऊन गेले होते, आणि एका संध्याकाळी मामा मला घाटावर घेऊन गेले. मी सहा वर्षांपासून स्कॉटलंडमधील पर्थ या गावी राहतो हे त्यांना ठाऊक आहेच. पण तेथे शनिवारी थंडगार पाण्यात कमरेपर्यंत उभा राहून मी मासे धरतो आणि धरलेला मासा परत नदीत सोडून देतो, हे त्यांना आईकडून नुकतेच कळले होते. “धरून सोडायचा, तर धरायचा कामून?” त्यांनी विचारले. प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर देता देता अंधार पडला.

पर्थवरून वाहणारी टे ही स्कॉटलंडमधील सर्वांत लांब नदी आहे. लांबी सुमारे १९३ किलोमीटर. गोदावरीच्या मानाने हा ओढाच म्हणावा लागेल, परंतु ब्रिटनमधील कोणत्याही नदीपेक्षा अधिक पाणी ती समुद्राला नेऊन देते. पर्थच्या वरच्या अंगाला डंकेल्ड नावाचे छोटे गाव आहे. तेथे टॉमस टेलफर्ड या अभियंत्याने बांधलेला, १८०९ साली पूर्ण झालेला दगडी पूल आहे, आणि ऑक्टोबरात काठावरची झाडे पिवळी-तांबडी झाली की चहाच्या रंगाचे ते पाणी पाहत तासन् तास बसावेसे वाटते.

या पाण्यात सॅमन आणि ट्राउट हे दोन मासे मुख्य. (मुंबईच्या हॉटेलांत रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, त्याचा या माशाशी काही संबंध नाही.) सॅमनचा जन्म नदीच्या वरच्या अंगाला, खडीत घातलेल्या अंड्यांतून होतो. पिल्लू बहुधा दोन-तीन वर्षे नदीतच वाढते, मग एका वसंतात अंगावर चांदीसारखी झळाळी घेऊन समुद्राकडे निघते आणि थेट ग्रीनलंडच्या आसपास जाऊन पोसले जाते. पुढे एक ते तीन वर्षांनी तोच मासा आपल्या जन्मनदीचे पाणी वासावरून ओळखून परत येतो आणि प्रवाहाविरुद्ध चढत जातो. नदीत शिरल्यापासून अंडी घालेपर्यंत तो काहीही खात नाही. म्हणजे गळाला लावलेली पिसांची माशी तो भुकेने धरत नाही. रागाने धरतो की समुद्रातल्या सवयीने, यावर नदीकाठी जन्मभर वाद घालणारी माणसे मी पाहिली आहेत.

हे ऐकल्यावर मामा म्हणाले, “म्हंजे आपले चढणीचे मासेच की.” इतक्या थोड्या शब्दांत मला ते कधी सांगता आले नव्हते. त्यांच्या लहानपणी मृगाचा पहिला पूर आला की अंडी पोटात घेऊन मासे गंगेतून ओढ्यात चढत, आणि पोरे धोतराच्या सोग्यात शिंगटे भरून घरी नेत.

सॅमन धरण्याची टेवरील रीत मात्र फार निराळी आहे. नदीचा कोणता तुकडा कोणाचा हे ठरलेले असते, आणि हक्कदाराच्या लेखी परवानगीवाचून सॅमनवर गळ टाकणे हा गुन्हा आहे. हंगाम १५ जानेवारीला सुरू होतो आणि १५ ऑक्टोबरला संपतो. रविवारी सॅमनला कायद्यानेच सुट्टी असते, त्यामुळे माझ्यासारख्या नोकरदाराला शनिवार तेवढा उरतो. पंधरा फुटी काठी दोन्ही हातांनी धरून, मागे झाडे असल्यामुळे दोरी मागे न नेता पाण्यावरच वळवून पुढे फेकायची, एक पाऊल खाली सरकायचे, पुन्हा फेकायची. असे मी दोन हंगाम केले आणि मला एकही सॅमन लागला नाही.

तिसऱ्या वर्षी सप्टेंबरात दोरी एकदम जड झाली. वीस मिनिटांनी साडेतीन किलोंचा मासा जाळ्यात आला. गळाला काटेरी दात नव्हता, त्यामुळे तो चटकन निघाला. हात ओले करून, माशाला पाण्याबाहेर न काढता, त्याचे तोंड प्रवाहाकडे करून मी धरून ठेवले. कल्ले संथ चालू लागले, शेपटी एकदा हलली आणि तो गेला. माझे हात बराच वेळ थरथरत होते.

याच नदीवर ७ ऑक्टोबर १९२२ रोजी जॉर्जिना बॅलंटाइन या तरुणीने ६४ पौंडांचा, म्हणजे सुमारे २९ किलोंचा सॅमन धरला, आणि ब्रिटनमधील तो विक्रम आजही मोडलेला नाही. तो मासा अर्थातच सोडला गेला नव्हता. तेव्हा नदी माशांनी भरलेली होती. २०२३ साली ब्रिटनमधील अटलांटिक सॅमनची नोंद संकटग्रस्त म्हणून झाली. गळाने धरलेला सॅमन विकण्यास स्कॉटलंडमध्ये बंदी आहे, आणि अनेक नद्यांवर तो सोडून देणे सक्तीचे आहे. सोडल्याने माशाला काहीच इजा होत नाही असे मी म्हणणार नाही. तो दमतो, क्वचित मरतोही. पण नदीच्या रखवालीचा मोठा खर्च मासेमारीच्या हक्कदारांच्या वर्गणीतून चालतो, आणि नदीवर काही बिघडले तर ते आधी गळ टाकणाऱ्याच्याच नजरेस पडते.

मामांना सर्वांत आवडली ती पिटलॉक्रीची गोष्ट. टेला मिळणाऱ्या टमेल नदीवर तेथे १९५१ च्या सुमारास विजेसाठी धरण बांधून झाले, तेव्हा माशांची वाट अडू नये म्हणून बाजूने ३१० मीटर लांबीची, ३४ हौदांची शिडी केली. हौदाहौदांतून सॅमन धरण चढून जातो. “माशाला जिना?” मामांनी दोनदा विचारले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला आपल्या ओढ्यावर घेऊन गेले. वर सिमेंटचा नाला बांध झाला आहे. त्याच्यामुळे विहिरींना पाणी राहते आणि मराठवाड्यात कोणी त्याच्याविरुद्ध शब्द काढू नये असेच मलाही वाटते. मात्र भिंतीच्या कडेला उताराची दगडी घळ ठेवली असती तर पाण्याचे फार नुकसान झाले नसते. भिंतीच्या पायथ्याशी बोटभर लांबीचे पांढरे मासे उड्या मारत होते, सिमेंटवर आपटून खाली पडत होते आणि पुन्हा उडत होते. मामा चप्पल काढून पाण्यात उतरले. त्यांनी ओंजळीत दोन-चार मासे धरले, भिंतीवरून हात पलीकडे नेऊन वरच्या पाण्यात सोडले, आणि पुन्हा वाकले.