हाडांची औषधं म्हातारपणी सोसतात का?

आमच्या मेडिकलच्या काउंटरवर आईवडिलांची किंवा सासूबाईंची चिठ्ठी पुढे करून लोक हळूच विचारतात, "ताई, या वयात हाडांचं औषध सोसेल ना?" नुसत्या वयाची ही भीती मला पटत नाही. पंच्याहत्तरीनंतर खुबा मोडला की कितीतरी माणसं पुन्हा पहिल्यासारखी चालत नाहीत. भीती वाटायचीच तर औषध कसं घेतलं जातंय याची वाटावी.

ठिसूळ हाडांसाठी देतात ती अलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. आमच्याकडे येणाऱ्या एक काकू ती पहाटे चहाबरोबर घ्यायच्या, सोबत कॅल्शियमची गोळी, आणि पुन्हा आडव्या व्हायच्या. छातीत जळजळ सुरू झाली म्हणून सुनेने औषधच थांबवलं. चहा किंवा कॅल्शियमसोबत ही गोळी अंगी लागत नाही, आणि लगेच आडवं झालं तर अन्ननलिकेला जखम होऊ शकते. जळजळ आधी डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. त्यांनी गोळी पुन्हा सुरू केली तेव्हा काकूंना बसवून समजावलं: उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, मग अर्धा तास बसायचं किंवा फिरायचं, चहा त्यानंतर. कॅल्शियम दुपारी जेवल्यावर. "तेवढ्यात माझा हरिपाठ होतो की!" म्हणाल्या.

मूत्रपिंडाचं मात्र घरच्यांच्या लक्षातच येत नाही. रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) १.१ दिसलं की सगळे निर्धास्त. पण बाईंचं वय ८०, वजन ४५ किलो असेल, तर हिशेब मांडल्यावर मूत्रपिंडाची रक्त गाळण्याची क्षमता मिनिटाला जेमतेम २९ मिलिलिटर निघते. ३५च्या खाली ही गोळीही टाळतात आणि वर्षातून एकदा सलाइनमधून देतात ते झोलेड्रोनिक ॲसिडही. म्हणून डॉक्टरांकडे जाताना रिपोर्टबरोबर आजचं वजनही सांगा.

अशांना बऱ्याचदा डेनोसुमॅब देतात, दर सहा महिन्यांनी पोटावर किंवा दंडात एक इंजेक्शन. त्याआधी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासायलाच हवं. डायलिसिसवरच्या रुग्णांत कॅल्शियम जिवावर बेतेल इतकं उतरू शकतं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रकांनी, जानेवारी २०२४ मध्ये त्यावर सर्वात कडक इशारा छापायला लावला. दुसरं म्हणजे, हे इंजेक्शन परस्पर बंद करायचं नाही. अलेंड्रोनेट हाडात साठून राहतं, त्यामुळे पाचेक वर्षांनी डॉक्टर काहींना विश्रांती देतात. डेनोसुमॅबचा असर मात्र ओसरतो, आणि मग पाठीचे मणके एकामागून एक दबू शकतात. "लग्नसराई आटोपली की घेऊ" म्हणणाऱ्यांना मी तिथेच थांबवते.

दात काढायचा असेल तर शक्यतो औषध सुरू करण्याआधी काढून घ्यावा. क्वचित जबड्याची जखम भरत नाही. आणि बरीच वर्षं औषध चालू असताना मांडीत किंवा जांघेत ठणका लागला तर तेल चोळत बसू नका. ते मांडीच्या हाडाला तडा जात असल्याचं लक्षण असू शकतं. डॉक्टरांना दोन्ही मांड्यांच्या एक्स-रेबद्दल विचारा, न दुखणाऱ्या पायातही तडा सापडतो.