मॅटाडोर आज नव्या घरी गेली

उद्यमनगरातून जुनी मॅटाडोर कॅम्पर, म्हणजे आत राहायची सोय केलेली व्हॅन, आज नव्या मालकाकडे गेली. रंग सगळेच बघतात, पण दुखणं असतं छताच्या सांध्यात. आपला पाऊस तिथून झिरपतो आणि प्लाय वरून चांगला दिसत असतानाच आतून कुजतो. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकायचं. आवाज बद्द आला की तेवढा तुकडा काढायचाच. जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडा, त्यावर नवं काही धरत नाही. मग सांध्यावर ब्यूटिल टेप, म्हणजे पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी. खाली १२ मिमी मरीन प्लाय (ओलाव्यात टिकणारा), कापलेल्या कडांना इपॉक्सी, म्हणजे घट्ट बसणारा राळेचा लेप. कोरी कड पाणी पिते.

टायरवर २३१८ म्हणजे तो २०१८ च्या २३ व्या आठवड्यात बनलाय. इतका जुना टायर नक्षी शाबूत असली तरी बदला.

गाडी नावावर करायचे फॉर्म २९, ३० भरून झाले. विमा १४ दिवसांत नावावर करून घ्या, दादा. गॅसच्या नळीला साबणाचं पाणी लावून दोघांनी बघितलं, एकही बुडबुडा नाही. मगच किल्ली दिली.